अडकलेली आजी

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अगं तू होय! चष्मा नाही डोळ्यावर, नाव कुठलं दिसायला. … हो, हो, मोकळीच आहे. म्हणजे मशीनवर बसलेय, पण कान मोकळे आहेत. बोल.

… काय बघायचंय? नेट? आत्ता? … ऑफिसात नाहीस का तू? … अर्धी रजा टाकलीस? माझ्या नेटसाठी? … अगं बाई! बरं वाटलं हो. कोणाला तरी माझी पडलीय म्हणायची.

… टोमणा नाही मारला. मारायचा असता तर नाव घेऊन मारला असता.

… हो, अजून तसंच आहे. अगं, दिवसभर कसं सुरळीत असतं. सकाळी तुझे बाबा बातम्या बघतात, मी नवीन गळ्यांचे नमुने बघते, काही म्हणून अडत नाही. आणि संध्याकाळी भिंगरीचा फोन आला, पोर जरा कुठे बोलायला लागली, की आलंच ते गोल गोल चाक. नातीचीच वेळ बरी साधतं मेलं!

… कंपनीचा माणूस? तीनदा येऊन गेला. तो आला की नेट असं धावतं, जसं काही झालंच नव्हतं. चहा प्यायला, दिवे बघितले, "काकू, ठणठणीत आहे" म्हणाला नि गेला. … मी काय करत होते म्हणजे? त्याच्यासमोर बसून होते. परका माणूस घरात असताना मी काय शिवत बसू?

… ऐक ना, ते राहू दे. ते चित्र पाहिलंस का तू? … भिंगरीने काढलेलं गं, शाळेत. "माझं कुटुंब." तुझ्या सासूबाईंनी लगोलग फोटो काढून धाडला मला. तत्परता बघ. तू आहेस, जावईबापू आहेत, मधोमध खुर्चीत तुझ्या सासूबाई आहेत, खाली लिहिलंय "घरची आजी". आणि कोपऱ्यात एक चौकोन. त्या चौकोनात मी. तोंड आ वासलेलं, एक डोळा मिटलेला, आणि खाली "अडकलेली आजी".

… हसतेस काय? … अगं, त्या पलीकडच्या गल्लीत राहतात, शाळा सुटली की पोर त्यांच्याकडे, म्हणून त्या घरच्या. मग मी काय बाहेरची? नऊ महिने तुला पोटात मी वागवलं, आणि कोपऱ्यातला चौकोन मला!

… कसला आवाज? मशीन आहे गं. एक टीप मारली. … फ्रॉक. तिच्या वाढदिवसाचा. तीन थरांची झालर घालतेय. मोटर बसवली ना गेल्या महिन्यात, आता कसं भराभर होतं. पायाने चालवायला गुडघे कुठे राहिलेत.

… बरं बरं, नेट. सांग, काय करू? … टॅब आहे इथेच, कापडाखाली. … स्पीड मोजायचं पान? ते तू मागे दाखवलं होतंस ते? थांब. … अहो! जरा माझा चष्मा द्या इकडे. … मग फ्रीजवर बघा. … अगं, डोक्यावरच होता. … राहू द्या हो, सापडला!

… राउटर ना? इथेच, शेजारी शोकेसवर. … दिवे कुठले दिसायला, टोपी आहे त्याला. … टोपी म्हणजे टोपी. साटीन उरलं होतं, शिवली. कडेला बारीक झालर आहे, छान दिसते. … गुदमरतो? लोखंड-प्लास्टिक कधी गुदमरतं का? … बरं, काढते. … अगं, तापलाय की! हात ठेववत नाही. मला काय ठाऊक, धूळ बसू नये म्हणून केलं.

… हो, दाबलं. काटा फिरतोय. तीस… चाळीस… अठ्ठेचाळीसवर थांबला. … चांगलं आहे? म्हणजे टोपीचंच होतं सगळं? … मग सुटलंच की गं! उगाच रजा घालवलीस.

… नवीन राउटर? कशाला नवीन? … तीन शिंगांचा? … कोण म्हणालं? … हो का. तुझ्या सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या आईंना आमच्यासारखा घ्यायला सांग." म्हणणारच त्या. त्यांचं सगळंच चांगलं. नेट चांगलं, गुडघे चांगले, टेकडी चढतात रोज, वर जाऊन स्वतःचा फोटो काढतात. मला धाडतात तो फोटो. मी काय करू त्याचं, फ्रेम करू?

… हो, मशीनचाच आवाज. तू बोल. … आकडा? थांब हां, परत दाबते… अगं! सहा! सहावर आला! … टोपी काढलेलीच आहे. … आता चढतोय परत. वीस… चाळीस. … बघितलंस? तुझ्या सासूबाईंचं नाव काढलं नि पडलं. मी महिनाभर कानीकपाळी ओरडतेय. भिंगरी "घरची आजी" म्हणाली रे म्हणाली की अडकतं. नजर आहे गं त्यांची, नजर!

… खुळचट नाही. अनुभव आहे.

… बंद करून चालू करू? केलंय तसं शंभरदा. … बरं, तुझ्या समाधानासाठी. … प्लग ना, खाली बोर्डात. तीन आहेत तिथे. एक राउटरचा, एक इस्त्रीचा, एक मशीनच्या मोटरचा. … सगळं एकाच बोर्डावर, हो. मग कुठे लावू? लांब वायर पायात येते. … काढला. मोजू? तीसपर्यंत? … एक, दोन, तीन, चार… बरं, पंखांच्या फ्रॉकचं खरं का गं? … पाच, सहा… भिंगरीच बोलली. "घरच्या आजीने पंखवाला फ्रॉक आणलाय." म्हणजे वाढदिवसाला तो घालणार, आणि माझा कपाटात. … नाही, तू खरं सांग. … दोन्ही घालणार म्हणजे? एकावर एक? … किती झालं माझं? … राहू दे, पुन्हा एकपासून.

… झालं तीस. लावला. हिरवा… हिरवा… तांबडा… झाला हिरवा.

… तुला तिकडून दिसतं? माझ्या घरात काय काय जोडलंय ते? अगोबाई! मग आणखी काय काय दिसतं तुला? … बरं, वाच. … तो बाबांचा. … तो माझा. … तो टॅब. … आणि हा कोणाचा? … तुझ्या सासूबाईंचा फोन? … सुट्टीत आल्या होत्या तेव्हाचा? म्हणजे तेव्हापासून इथेच? घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं! … जोडलेला नाही, नुसतं नाव आहे? मग नाव तरी कशाला? पुसून टाक. … पुसलंस? … थांब, बघते आकडा. … पन्नास! म्हटलं नव्हतं मी?

… असू दे योगायोग. मला तसले योगायोग आवडतात.

… काय? … त्यांच्याबद्दल काहीतरी सांगतेस आणि मी नुसतं टॅबकडे बघायचं? हा कसला उपाय? … बरं बाई, शिकलेली तू. बोल. दाबलं, काटा पन्नासला आहे.

… हं. पांढरा. … हं. पंख जाळीचे. … हं. … त्यावर टिकल्या. बरं. … बटण? बटण कसलं? … दाबलं की पंखांत दिवे लागतात? फ्रॉकमध्ये? … आता फ्रॉकला दिवे! उद्या चाकं लावतील. आणि मी इथे डोळे फोडून हाताने चुण्या घालतेय, त्याला कोण विचा… अगं, चार! चारवर आला! बघ, बघ!

… हो, चालू होतं मशीन. मग? नुसतं कौतुक ऐकत बसू त्यांचं? हाताला काम नको? … पाय? पायडलवर. मशीनवर बसल्यावर पाय कुठे असणार? … काढू? … काढला. … चढला गं. एकोणपन्नास. … ठेवू? … दाबू? … पाच. … काढू? … एकोणपन्नास.

… परत दाबते.

… पाच.

… अगं बाई.

… हो, आहे, आहे लाइनवर. … कळलं. मोटर फिरली की बोर्डावरची सगळी वीज ती ओढते, नि राउटर अर्धपोटी. कळलं म्हणाले ना. … मी कुठे म्हणाले सासूबाईंमुळे? … म्हणाले असेन. … तुझे बाबा बघ कसे हसतायत. "काखेत कळसा नि गावाला वळसा" म्हणे. … तुम्ही पेपर वाचा हो आपला!

… तो कंपनीचा माणूस आला तेव्हा… हो. तेव्हा मी शिवत नव्हते. बरोबर.

… मग का चालवते म्हणजे? … तिच्या फोनच्या वेळी… अगं, काय सांगू तुला. तिकडे तिच्या मागे तुझ्या सासूबाई दिसतात. कधी कुंडीला रंग देत असतात, कधी टेकडी उतरून आलेल्या, गाल लाल. आणि इकडे मी फोनची वाट बघत, हातावर हात ठेवून बसलेली दिसू? मलाही कामं आहेत हे कळायला नको का त्यांना? म्हणून बसते मशीनवर. जेवण झालं की बसते. … हो, फोन संध्याकाळी असतो. दुपारपासूनच बसते.

आणि पोर एकदा का सुरू झाली, "घरच्या आजीने वेणी घातली, घरच्या आजीने गोष्ट सांगितली", की पाय आपला आपणच दाबला जातो. मुद्दाम नाही गं करत.

… काय म्हणालीस? … मी? त्यांच्यावर? … हॅट्!

… हो. जळते. जळते बाई, आता विचारलंसच तर. त्या तिचे केस विंचरतात, मी काचेवर बोट फिरवते. तिला ताप आला तर त्यांना हाताला कळतं, मला तू दुसऱ्या दिवशी सांगतेस. जळू नको तर काय करू?

… नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

… बरं, आता पुढे काय? … पलीकडच्या भिंतीतला बोर्ड? तो टीव्हीचा आहे. … अहो, उठा, काम आहे तुमच्याकडे. तो राउटर तिकडे नेऊन लावा. … टीव्हीचा काढा मग! बातम्या पळून जात नाहीत कुठे. … लावला गं. … दिवे आले. … आता मशीन चालवते, ऐक, पूर्ण पाय दाबलाय. ऐकू येतंय ना घर्रर्र? … पन्नास. हलत नाही काटा. अगं, हलत नाही!

… शहाणी माझी लेक ती! कंपनीचा माणूस तीनदा आला, काही नाही. तू लांबून नुसत्या कानाने पकडलंस. आता येऊ दे तिचा फोन. महिन्याभराचं बोलून घेते. त्या फ्रॉकचं विचारते, शाळेचं विचारते, झालर दाखवते, मग ती ससोबाची गोष्ट अर्धी राहिलीय ती… … काय गं?



… भिंगरीला सांगितलंस आज दुरुस्त होणार म्हणून? मग? खूश झाली असेल. … नाही? … रडली? … का? … "मग अडकलेली आजी जाणार?" असं म्हणाली? म्हणजे काय? मी तीच ना?

… थांब, थांब. अडकलं की तुझ्या सासूबाई टॅब बंद करतात नि तिला घेऊन जातात. "चल गं, तुझ्या आजीचं नेट गेलं." टपूनच बसलेल्या असतात. … मी पाहिलं नाही, पण मला माहीत आहे. … नाही? … बोलावतात, आणि ही जातच नाही? … टॅबसमोर बसून राहते? … पडद्यावरच्या त्या अडकलेल्या चित्राशी बोलते? आ वासलेल्या?

… किती वेळ? … एवढा? … आणि विहीणबाई काय करतात तेव्हा? … दारात उभ्या राहतात. … तुला काय म्हणाल्या? … नाही, अशी भरभर नको, त्यांच्याच शब्दांत सांग. … "मी शेजारी बसलेली असते, मला काही सांगत नाही. त्या अडकलेल्या आजीला सगळं सांगते." … असं म्हणाल्या? खरंच? तोंड कसं होतं त्यांचं? … पडलेलं?

… अहो! ऐकलंत का? विहीणबाई माझ्यावर जळतात! … हो, माझ्यावर! दिव्यांचा फ्रॉक आणून जळतात!

… जरा खूश होऊ दे गं मला. महिनाभर झुरले.

… पण मग मला का नाही सांगत? म्हणजे चालू असते तेव्हा? अडकल्यावरच का? … का? … संकोच कसला, सांगून टाक. … "अडकली की आजी मधे बोलत नाही."

… कोण मधे बोलतं? मी? मी कधी कोणाच्या मधे बोल… … हो. आत्ता बोलले.

… तेव्हाही. बरं.

… नाही, राग नाही आला. तू सांग. मी नाही बोलत.

…

हं.

… शाळेत, बाकावर? … तिच्याशेजारी? … कोणीच नाही? … शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने जागा बदलली आणि मग ही एकटीच… डबासुद्धा एकटी… आणि हे तुला माहीत नव्ह… हो. चुकलं. बोल.

… हं. … हं. … म्हणजे दारात उभ्या राहून विहीणबाईंनी ऐकलं, म्हणून तुला कळलं. नाहीतर कोणालाच कळलं नसतं.

… नाही गं, आहे मी इथेच.

… मी काय विचारायचे तिला, माहितीये? "आज घरच्या आजीने काय केलं? तुला काय दिलं? माझ्यापेक्षा चांगली गोष्ट सांगते का?" रोज तेच. पोर तोंड उघडायची नि मी मधेच हे. बाकाचं एकदा विचारलं नाही. शेजारी कोण बसतं, एवढं साधं विचारलं नाही. वाईट वाटतंय गं. फार वाईट वाटतंय मला.

… हो, पुसते डोळे. … हो, सर्दी नाहीये.

… थांब! टॅब वाजतोय. तीच! … अहो, ते मशीन झाका. … झाकाच, हात शिवशिवतो माझा. … पाय पायडलवरून काढलेत, बाजूला घेऊन बसलेय. … तू ठेवू नकोस फोन, मला धीर राहतो. पलीकडे ठेवते तुला.

… आले गं आले! भिंगरे! दिसते का मी? … हो, हलतेय. हा बघ हात. हे बघ कान. … झालं दुरुस्त. तुझ्या आईने केलं. … अशी का बसलीस गं हनुवटी गुडघ्यावर ठेवून? … नाही रे राजा. अडकलेली आजी कुठे नाही गेली. इथेच आहे, माझ्या आत बसलीय. तिला सांगायचं ते सांग. मी तोंडाला कुलूप लावते. अळीमिळी गुपचिळी.

…

… हं.

… बयो, हळू बोलतेय, ऐक. दारात उभ्या आहेत तुझ्या सासूबाई. मला दिसतायत, कुंडी हातात आहे. … नाही, नको फोन करूस त्यांना. उभ्या राहू देत. त्यांनाही ऐकू दे. त्यांनी ऐकलं म्हणून तर कळलं.

… हो गं सोन्या, तुझंच ऐकतेय. सांग पुढे.

…

हं.

… घरच्या आजीने? …

…

… हं. … दोन वेण्या. … हं.

…

… मग तू काय केलंस? … नाही नाही, नाही विचारत. तू सांगशील तेव्हा.

…

…

… नाही गं, अडकले नाहीये. ऐकतेय.

…

… अगं, तू अजून लाइनवरच? ठेव, ठेव तू. हिचं अजून व्हायचंय.